ओटीत (शस्त्रक्रियागृहात) ‘थांबा’ कोण म्हणू शकते? छोट्या रुग्णालयांसाठी सुरक्षेचे वातावरण घडवण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी मी भूल द्यायला गेलो होतो. स्पायनल (पाठीतून देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) दिले होते, रुग्ण जागा होता, पडदा अजून लावायचा होता आणि सिस्टर उजव्या जांघेवर बीटाडीनचा बोळा फिरवत होत्या. रुग्णाने मान किंचित उचलून पाहिले आणि अगदी शांतपणे म्हटले, “साहेब, ती बाजू नही, हाई बाजू शे.” हर्निया डावीकडे होता. आडवे झाल्यावर गाठ आत गेल्यामुळे वरून काही दिसत नव्हते. यादीत कोणीतरी ‘उजवा’ लिहिले होते आणि आम्ही सर्वांनी यादीवर विश्वास ठेवला होता. सुरक्षा तपासणीचा छापील फॉर्म बाजूच्या टेबलावर होता. त्यातील सगळ्या चौकटींत टिक केलेली होती आणि खालच्या सह्यांपैकी एक माझी होती.

चहा घेताना कळलेली गोष्ट याहून अधिक अस्वस्थ करणारी होती. सकाळी कपडे बदलून देताना रुग्णाने मावशींना डाव्या बाजूची गाठ दाखवली होती. बोळा उजवीकडे फिरत असताना मावशी दारापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या ते लक्षातही आले होते. मग बोलल्या का नाहीत, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्ही मोठे लोक, काही विचार करूनच करत असाल.”

सुरक्षेचे वातावरण कशाला म्हणतात, हे मला त्या वाक्यातून जितके नेमके कळले तितके कोणत्याही व्याख्येतून कळले नाही. निर्जंतुकीकरण, मॉनिटर, औषधांचा साठा या सुरक्षेच्या वस्तू झाल्या. वातावरण म्हणजे तिथे काम करणाऱ्यांची सामायिक समजूत: इथे खरोखर महत्त्व कशाला आहे, यादी वेळेत संपण्याला की रुग्णाला, चूक दाखवणाऱ्याला पुढे काय सोसावे लागते, आणि कोणी बोलायचे, कोणी गप्प राहायचे. डोव्ह झोहर या संशोधकाने १९८० साली इस्रायलमधील कारखान्यांच्या अभ्यासातून ही संकल्पना मांडली आणि ती पुढे रुग्णालयांकडे आली. समजूत ही रोजच्या अनुभवातून बनते, त्यामुळे ती परिपत्रक काढून बदलत नाही. रोजचा अनुभव बदलला की ती बदलते.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तरी खान्देशातील कितीतरी शस्त्रक्रिया आजही एका-दोन टेबलांच्या खासगी रुग्णालयांत आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयांत होतात. खासगीत सर्जन हेच मालक असतात, भूलतज्ज्ञ एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे धावत असतात आणि सिस्टर व मावशी यांचा पगार त्याच सर्जनच्या हातात असतो. मोठ्या शहरांतील रुग्णालयांसाठी लिहिलेल्या पुस्तिका इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, म्हणून पुढील पायऱ्या अशा ओटीचा विचार करूनच सांगितल्या आहेत.

आधी मोजावे

पहिली पायरी म्हणजे आहे ती परिस्थिती कागदावर उतरवणे. जगभर यासाठी ‘सेफ्टी अ‍ॅटिट्यूड्स क्वेश्चनेअर’ नावाची प्रश्नावली बरीच वापरली जाते आणि तिच्यात संघभावना, सुरक्षेचे वातावरण, कामातील समाधान, व्यवस्थापनाविषयीचे मत, कामाची परिस्थिती आणि ताणाची जाणीव अशी सहा अंगे पाहिली जातात. मोठ्या संस्थेने ती पूर्ण वापरावी. बारा-पंधरा माणसांच्या रुग्णालयाला साध्या मराठीतील सहा-सात विधाने पुरतात, आणि प्रत्येक विधानापुढे ‘पटते’, ‘सांगता येत नाही’, ‘पटत नाही’ एवढेच पर्याय ठेवावेत. मी वापरतो त्यांतील काही विधाने अशी आहेत: रुग्णाच्या बाबतीत काही चुकते आहे असे वाटले तर मी या ओटीत लगेच बोलू शकते. माझी चूक मी स्वतः सांगितली तर मला मदत मिळते, बोलणी बसत नाहीत. घाई असली तरी वापरलेल्या साहित्याची मोजणी पूर्ण होईपर्यंत टाके घालणे थांबते. थकल्यावर माझ्या हातून जास्त चुका होतात. माझ्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया इथे व्हावी असे मला वाटेल.

शेवटच्या विधानावर लोक पेन हातात धरून बराच वेळ थांबतात, असा माझा अनुभव आहे. उत्तराइतकाच तो थांबाही पुष्कळ काही सांगून जातो.

प्रश्नावली सर्वांना द्यावी, म्हणजे मावशी, मामा, ओटी टेक्निशियन आणि बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ यांनाही. ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांच्यासाठी रुग्णालयाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीने विधाने वाचून दाखवावीत. इन्चार्ज सिस्टरकडे हे काम दिले तर सगळी उत्तरे गोड येतील. नाव घेऊ नये, फक्त खूण करायला सांगावे, कारण छोट्या जागी हस्ताक्षर सर्वांच्या ओळखीचे असते. कागद बंद पेटीत टाकावेत.

उत्तरांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. सरासरीत सत्य लपते. डॉक्टरांची उत्तरे आणि इतरांची उत्तरे यांतील अंतर पाहावे. गट त्याहून बारीक पाडू नयेत, नाहीतर एकुलत्या एका टेक्निशियनचे उत्तर लगेच ओळखू येईल. अमेरिकेतील साठ रुग्णालयांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बहुतेक सर्जननी परिचारिकांबरोबरचे आपले सहकार्य चांगले असल्याचे सांगितले, पण सर्जनबद्दल तसे म्हणणाऱ्या परिचारिका निम्म्याच्या आसपासच होत्या. टेबलाच्या एका बाजूने खोली मोकळी दिसते आणि दुसऱ्या बाजूने कोंदट. निकाल आठवड्याभरात सर्वांसमोर ठेवावा, आणि त्यातील निदान एक गोष्ट त्याच महिन्यात दुरुस्त करावी. तशी तयारी नसेल तर मोजणीच करू नये, कारण विचारून काहीही न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट ठरते.

मालकाचे पहिले दहा सेकंद

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत विमानचालक आणि शस्त्रक्रियागृहातील डॉक्टर यांना सारखेच प्रश्न विचारले गेले होते. कनिष्ठाने वरिष्ठाला प्रश्न विचारू नये अशी कडक उतरंड ९७ टक्के विमानचालकांनी नाकारली. ज्येष्ठ सर्जनपैकी ती नाकारणारे ५५ टक्केच होते. थकव्याचा आपल्या कामावर परिणाम होत नाही असे मानणारे २६ टक्के विमानचालक होते, तर ज्येष्ठ सर्जनमध्ये ते प्रमाण ७० टक्के होते. हे आकडे परदेशातील आहेत, पण ते वाचताना मला ओळखीचे बरेच चेहरे आठवले, आणि त्यांत आरशातलाही एक होता.

म्हणून दुसरी पायरी सर्जनची आहे आणि ती दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही. दिवसाची पहिली शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी सर्वांना पाच मिनिटे एकत्र उभे करून त्यांनी यादी वाचावी, कोणत्या रुग्णात काय अवघड वाटते ते सांगावे, आणि शेवटी स्वतःच्या तोंडाने म्हणावे: “माझंही चुकू शकतं. काही वेगळं दिसलं तर मला थांबवायचं.” पहिल्या दिवशी हे वाक्य नाटकी वाटते आणि कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. खरी परीक्षा पुढे होते, जेव्हा कोणीतरी पहिल्यांदा थांबवते आणि त्याची शंका खोटी ठरते. सिस्टर म्हणतात की एक मॉप (शस्त्रक्रियेत रक्त टिपायचे कापड) कमी आहे, सर्जन थांबतात, आणि मॉप बादलीमागे पडलेला सापडतो. त्यानंतरच्या दहा सेकंदांत सर्जन काय बोलतात यावर त्या ओटीचे पुढचे वर्षभराचे वातावरण ठरते. “बरं झालं विचारलंत” एवढे पुरते. कपाळावरची आठी किंवा “आता डोळे उघडे ठेवून मोजा” हा टोमणाही पुरतो, पण उलट्या दिशेने.

परदेशी पुस्तिकांत सर्वांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी असा सल्ला असतो. आपल्याकडे तो चालणार नाही आणि त्याची गरजही नाही. ‘सर’, ‘मॅडम’, ‘सिस्टर’, ‘मावशी’ ही संबोधने राहू द्यावीत. खान्देशात ‘मावशी’ म्हणून हाक मारणारा भाचा होतो, आणि भाच्याला चार शब्द सुनावण्याचा मावशीचा हक्क कोणी नाकारत नाही. तो हक्क दारापाशी न थांबता टेबलापर्यंत यायला हवा. सर्जनने सर्वांत शेवटी, सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे वळून “मावशी, काही राहिलं का?” असे विचारण्याची सवय लावून घेतली, तर उतरंड न मोडता तिच्यात दार उघडते.

शब्द ठरवून ठेवावेत

बोलायची मुभा दिली तरी ऐनवेळी शब्द सापडत नाहीत. २००५ साली ब्रिटनमध्ये सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका तरुण आईचा श्वासमार्ग भूल दिल्यानंतर बंद झाला. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा करण्याचे साहित्य आणून ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळवली, पण आपण अति करतो आहोत असे डॉक्टरांच्या नजरेतून वाटल्याने ती परत रद्द केली. काय करायला हवे ते खोलीत माहीत होते, पण ते ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, आणि काही दिवसांनी ती स्त्री मरण पावली. तिचे पती विमानचालक होते. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी असा आग्रह धरला नाही. खोलीत काय घडले याची चौकशी व्हावी असा धरला, म्हणून हे सारे आज आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे कनिष्ठ माणूस शंका कशी मांडतो ते आठवून पाहावे. “सर, जरा बघता का?”, “सर, ते… नाही, काही नाही.” हे आदराचे बोलणे आहे, पण कॉटरीच्या (विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करणाऱ्या उपकरणाच्या) आवाजात ते विरून जाते. तिसरी पायरी म्हणून सर्वांनी मिळून चढत्या क्रमाची तीन वाक्ये ठरवावीत आणि ती मोठ्याने म्हणून त्यांचा सराव करावा. पहिले वाक्य नुसत्या वस्तुस्थितीचे असावे, त्यात विनंती किंवा मत नको: “सर, सॅच्युरेशन ८८ आहे.” उत्तर आले नाही तर दुसरे: “सर, मला हे सुरक्षित वाटत नाही.” तरीही काम चालू राहिले तर तिसरा, एकच शब्द: “थांबा.” हा शब्द ऐकल्यावर, रक्तस्राव दाबून धरणे वगळता, सर्वांनी हात थांबवायचे आणि बोलणाऱ्याकडे पाहायचे. तो दिवसभरात इतर कशासाठीही वापरायचा नाही, नाहीतर त्याची धार जाते. ट्रॉली ढकलणाऱ्या मामाला थोपवायचे असेल तर “जरा दम धरा” म्हणावे.

सराव रिकाम्या ओटीत, शनिवारी दुपारी, अर्धा तास करावा. सर्जनने मुद्दाम चुकीची बाजू रंगवायला घ्यावी आणि सर्वांत नव्या सिस्टरने त्यांना थांबवावे. पहिल्या वेळी सगळे हसतात. हसू द्यावे, हसता हसता ‘थांबा’ तोंडातून एकदा बाहेर पडलेला असतो.

तीन थांबे

जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-सूची जाहीर केली. तिच्यात १९ मुद्दे असून ते तीन वेळी पाहायचे असतात: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी. या कामाचे नेतृत्व करणारे सर्जन अतुल गवांदे यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातले, म्हणजे आपल्यापासून फार लांबचे नव्हे. दिल्लीपासून टांझानियातील इफाकारापर्यंत आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात शंभराहून अधिक रुग्णालयांत ती सक्तीने लागू झाल्यावर लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१४ साली समोर आले. त्या निकालाची कारणे अभ्यासकांनी अनेक सांगितली आहेत. माझ्या पाहण्यात जे येते ते एवढेच, की त्या हर्नियाच्या दिवशी आमचा फॉर्म पूर्ण भरलेला होता.

त्यामुळे चौथी पायरी फॉर्म भरण्याची नाही, बोलण्याची आहे. सूची मराठीत लिहून मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावी. ती सर्क्युलेटिंग सिस्टरने (टेबलापासून दूर राहून लागेल ते आणून देणाऱ्या) मोठ्याने वाचावी, सर्जनने वाचू नये, कारण वाचणाऱ्याच्या हाती थोडा वेळ तरी खोलीचा ताबा येतो. उत्तर ‘हो’ असे नको, माहिती असावी. “अँटिबायोटिक दिले?” याचे उत्तर “हो” नाही, “दिले, दहा वाजून वीस मिनिटांनी” असे आहे, कारण ते छेदाच्या आधीच्या ६० मिनिटांत जायला हवे. दुसऱ्या थांब्याच्या वेळी सर्वांचे हात मोकळे असावेत, मोबाइल खाली असावेत आणि सुरी अजून स्क्रब सिस्टरच्या (सर्जनच्या हाती साहित्य देणाऱ्या) ट्रॉलीवरच असावी. सर्जनने ती हाती घेतली की थांबा संपलाच म्हणून समजावे.

पहिला थांबा भूलतज्ज्ञाशिवाय होऊ शकत नाही, आणि इथेच आमच्यासारख्या व्हिजिटिंग मंडळींची अडचण आहे. मी एरंडोलहून निघालेलो असतो, सर्जन फोनवर फोन करत असतात, आणि पोचल्यावर दहाव्या मिनिटाला रुग्ण झोपलेला हवा असतो. या गडबडीत रुग्णाची पहिली भेट टेबलावरच होते. यावर माझा नियम असा, की ट्रॉली ओटीच्या दाराशी थांबेल आणि मी स्वतः रुग्णाशी बोलल्याशिवाय ती आत जाणार नाही. चार मिनिटे लागतात. काही रुग्णालयांनी या चार मिनिटांपायी मला बोलावणे बंद केले, हेही सांगायला हवे.

ओळख पटवणे हा मुद्दा आपल्याकडे विशेष जपायला हवा. जळगावच्या यादीत एका दिवशी पाटील आडनावाच्या तीन स्त्रिया असणे नेहमीचे आहे. नंदुरबारला तेच पावरा, वसावे, वळवी, पाडवी या आडनावांचे होते. खाटेच्या क्रमांकावर ओळख ठरवू नये, कारण खाट बदलते. पूर्ण नाव, गाव आणि केसपेपरचा नोंदणी क्रमांक असे तिन्ही जुळवावे. “तुम्ही अमुकच ना?” असे विचारू नये, घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो. “तुमनं नाव काय शे?” असे विचारून त्याला सांगू द्यावे. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडून आलेल्या रुग्णाला मराठी पुरते समजेलच असे नाही, तेव्हा पावरी किंवा भिली बोलणारी आशाताई किंवा नातेवाईक भूल देईपर्यंत सोबत असावी. डावे-उजवे शब्दांवर सोडू नये. रुग्णाने बोट ठेवून जागा दाखवावी आणि तिथे, तो जागा असताना, सर्जननेच न पुसणाऱ्या शाईने खूण करावी. ज्या मावशीने किंवा मामाने कपडे बदलले, त्यांनाही पहिल्या थांब्याला उभे करून विचारावे. त्या हर्नियानंतर आम्ही घातलेला हा विसावा मुद्दा आहे.

सूचीत स्थानिक भर घालायला हरकत नाही, उलट घालावीच. जनरेटरमध्ये डिझेल किती, ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरलेला व त्याची चावी जागेवर आहे का, आणि ५०० मिलीलिटरहून अधिक रक्तस्राव अपेक्षित असेल तर रक्त खरोखर आले आहे की ‘निघाले’ आहे. जिल्ह्याच्या गावाहून तालुक्याला रक्ताची पिशवी पोचायला दीड-दोन तास लागू शकतात. प्रसूतीच्या ओटीत प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या, २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ या केंद्र सरकारच्या कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयांत तपासणीची सवय थोडीफार रुजली आहे. तिथून सुरुवात करणे सोपे जाते. मध्यरात्रीच्या तातडीच्या सिझेरियनमध्ये सूची आखूड करावी, पण सोडू नये: नाव, ॲलर्जी, रक्त, बाळासाठीची तयारी आणि मोजणी हे पाच मुद्दे पाऊण मिनिटात होतात.

मॉपची मोजणी

पोटात मॉप राहून गेल्याच्या बहुतेक प्रकरणांत मोजणी ‘बरोबर’ असल्याचीच नोंद सापडते. म्हणजे मोजणी झाली नव्हती असे नाही; ती पटत नसतानाही पटवून घेतलेली असते. हे घडते ते असे. सर्जन त्वचेला टाके घालत आहेत, दुसरा रुग्ण बाहेर ट्रॉलीवर आहे, सिस्टरच्या हिशेबात चौदा मॉप आहेत आणि निघाले होते पंधरा. “नीट मोजा,” असे दोनदा ऐकल्यावर तिसऱ्यांदा पंधराच भरतात.

यासाठी पांढरा फळा लावावा आणि आकडे त्यावर सर्वांना दिसतील असे लिहावेत. मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यातच उघडावेत. रुग्णालयातच कापून शिवलेल्या मॉपच्या गठ्ठ्यात कधी सहा निघतात, तेव्हा उघडतानाच दोघींनी मिळून मोजावेत आणि कमी-जास्त असलेला गठ्ठा पूर्ण बाजूला काढावा. सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि त्वचा बंद करण्याआधी अशी तीनदा मोजणी व्हावी, आणि मोजताना आकडा मोठ्याने म्हटला जावा. वापरलेले मॉप बादलीत टाकू नयेत, पाच-पाच करून जमिनीवरच्या प्लॅस्टिकवर मांडावेत. मोजणी चालू असताना सिस्टरला सुई, सक्शन, फोन यातले काहीही मागायचे नाही. आकडा जुळला नाही तर पोट बंद करायचे नाही, शोधायचे. सापडला नाही तर एक्स-रे काढायचा. हा नियम सर्जनच्या सहीने फळ्याच्या वरच चिकटवावा, म्हणजे सिस्टरला सर्जनशी वाद घालावा लागत नाही, ती नुसती बोटाने कागद दाखवते.

यादी किती लांब असावी

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर तेरा स्त्रिया दगावल्या. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३० ची मर्यादा त्यापूर्वीच होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. त्या शिबिरात मदतीला उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणालाच आकडा जास्त वाटला नसेल, असे मला वाटत नाही.

आपल्या रुग्णालयाची यादी किती असावी हा निर्णय, म्हणजे पाचवी पायरी, म्हणूनच सकाळी, शांत डोक्याने आणि आधीच लिहून ठेवलेल्या नियमाने व्हावा. एका टेबलावर किती नियोजित शस्त्रक्रिया, किती वाजल्यानंतर नवीन नियोजित रुग्ण घ्यायचा नाही, रात्रभर जागलेल्या व्यक्तीला सकाळच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून कसे सोडवायचे, हे ठरवावे. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये साहित्य ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) पूर्ण चक्र होऊन आले पाहिजे. ते तसे आले नाही हे सर्वांत आधी टेक्निशियनला कळते, तेव्हा पुढचा रुग्ण थोपवण्याचा अधिकार त्यालाच लेखी द्यावा.

वही

सहावी पायरी थोडक्यात अशी: टळलेल्या अपघातांची एक वही ओटीत ठेवावी. कोणीही लिहावे, स्वतःचे नाव लिहू नये, रुग्णाचेही लिहू नये. काय घडले, काय घडू शकले असते आणि कशामुळे टळले एवढेच लिहावे. स्कोलीन या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाच्या शेजारी तशीच दिसणारी दुसरी कुपी ठेवली होती. सक्शन चालू करून पाहिले नव्हते. दर महिन्याला अर्धा तास सर्वांनी बसून ती वाचावी आणि प्रत्येक बैठकीतून निदान एक दिसणारी दुरुस्ती व्हावी, जसे की कुप्यांचे वेगळे खण किंवा रंगीत लेबले. चर्चेत ‘कोण’ हा प्रश्न शेवटी यावा. नकळत झालेली चूक, सवयीने घेतलेला धोका आणि जाणूनबुजून केलेली बेफिकिरी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला धीर, दुसरीला समज आणि तिसरीलाच कारवाई.

डॉक्टर मंडळींना वहीची भीती वाटते, आणि ती अगदीच अकारण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याच वेळी, फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे. टळलेल्या अपघातात इजा झालेली नसते, म्हणून वहीची सुरुवात तिथूनच करावी. जिथे इजा झाली आहे तिथे केसपेपरवर खरे तेच, घडले त्या वेळेसह लिहावे, मागाहून खाडाखोड करू नये, आणि नातेवाइकांना सर्जनने स्वतः बसून सांगावे. जमाव बहुधा बातमीमुळे भडकत नाही, बातमी लपवली गेल्याच्या संशयाने भडकतो.

मे महिन्याची तयारी

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो. एसी दमला की गाऊनमधली माणसे चिडतात, घाई करतात आणि तोडून बोलतात. वातावरण हा शब्द तेव्हा दोन्ही अर्थांनी खरा होतो. एप्रिलमध्येच एसीची सर्व्हिसिंग करून घ्यावी, पहाटे सहाला यादी सुरू करावी आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये सर्वांना पाणी प्यायला लावावे. स्कोलीन आणि अ‍ॅट्राक्युरियम ही औषधे २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. वीज जाऊन फ्रीज किती वेळ बंद होता याची नोंद फ्रीजच्या दारावर असावी. स्पिरिटयुक्त द्रावणाने त्वचा रंगवली असेल तर ती पूर्ण सुकेपर्यंत, निदान तीन मिनिटे, कापड आणि कॉटरी दूर ठेवावी. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकला टाकीतून प्राणवायूची गळती होऊन २२ रुग्ण दगावले, तेव्हापासून ऑक्सिजनचा दाब अचानक गेल्यास अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कोठे आहे आणि सिलिंडर कोण जोडणार याचा सराव मी वर्षातून दोनदा करून घेतो.

सहा महिन्यांनी

सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली, त्याच पद्धतीने, पुन्हा द्यावी. पहिल्या काही महिन्यांत वहीतील नोंदी वाढतील आणि मालकांना रुग्णालय बिघडल्यासारखे वाटेल. अपघात वाढलेले नसतात, बोलणे वाढलेले असते. नोंदी अचानक शून्यावर आल्या तर मात्र चौकशी करावी. पाहायचे ते एवढेच, की डॉक्टरांच्या आणि इतरांच्या उत्तरांतील अंतर कमी झाले का.

छोट्या गावात सिस्टर वर्ष-दीड वर्षात बदलतात, त्यामुळे हे सारे दर नव्या माणसागणिक पुन्हा सांगावे लागते. ते काम मी जिथे जातो तिथे आता इन्चार्ज सिस्टर करतात, आणि त्या नसतील तेव्हा मावशी. गेल्या पावसाळ्यात स्क्रब व्हायला मी आत शिरत असताना त्या एका नव्या मुलीला टोप्या कुठे ठेवतात ते दाखवत होत्या. “आपले सर ओरडतात बरं का,” त्या म्हणाल्या, “पण थांबा म्हटलं की थांबतात.”